रिमोट आमचा, पीसी आमचा. मध्ये तुम्ही कोण?

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्याच घरातल्या दुसऱ्या यंत्राला जोडायला कुणाची परवानगी लागता कामा नये. म्हणणं एवढंच आहे. गेमच्या रिमोटच्या बाबतीत मात्र ते वर्षानुवर्षं पायदळी तुडवलं जातंय, आणि त्याची झळ मुंबई-पुण्यापेक्षा सोलापूरला जास्त बसते. म्हणून या आठवड्याचे सगळे टोले त्याच्यावर.

सोलापूरला जास्त का, ते आधी सांगतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, किंमत ४९,९९० रुपये. एक्सबॉक्स सिरीज एक्स त्याआधी, १० नोव्हेंबर २०२० ला आलं, तेही ४९,९९० ला. ज्या घरात बाप यंत्रमागावर पाळी करतो आणि आई विड्या वळते, त्या घरात पन्नास हजारांचा डबा टीव्हीखाली येऊन बसत नाही. पण त्याच घरात पीसी असतो. पोरगी इंजिनिअरिंगला लागली म्हणून घेतलेला, लॉकडाऊनमध्ये शाळा घरात आली म्हणून हप्त्यावर आणलेला, नाहीतर कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला आणि नवी हार्ड डिस्क टाकून उभा केलेला. रिमोटही येतोच. पुण्याला नोकरी करणारा चुलतभाऊ नवं मशीन घेतो आणि त्याचा जुना रिमोट गड्ड्याच्या यात्रेला गावी येताना बॅगेत येतो. जुना रिमोट आणि जुना पीसी, हाच आपल्याकडचा गेमिंगचा सेट. त्यात कमीपणा काही नाही. हा जुगाडही नव्हे. दोन्ही वस्तू हक्काच्या आहेत आणि दोघांचं जमलं पाहिजे. ते न जमण्याचं खापर मुलांच्या डोक्यावर फोडू नका. ज्यांनी जमू दिलं नाही, त्यांची नावं घ्या.

जिथं जन्मला तिथंच नाकारला

पहिला टोला सोनीला. प्लेस्टेशन ४ बरोबर २०१३ साली आलेला रिमोट म्हणजे ड्युअलशॉक ४. २०२० साली कंपनीनं जाहीर केलं, की नव्या प्लेस्टेशन ५ वर हा रिमोट चालेल, पण फक्त प्लेस्टेशन ४ च्या जुन्या खेळांसाठी. प्लेस्टेशन ५ चे खेळ खेळायचे तर नवा रिमोट. कारण दिलं, की नव्या रिमोटमधली बारीक थरथर आणि बोटाखाली घट्ट होत जाणारे ट्रिगर खेळाडूला अनुभवता आले पाहिजेत. ते नवे ट्रिगर खरोखरच सुंदर आहेत. ज्याला ते हवेत तो आनंदानं घेईल. ज्याला नकोत, किंवा परवडत नाहीत, त्याला जुन्यावर खेळू द्यायला काय हरकत होती? सहा-सात वर्षं इमानानं वापरलेली वस्तू तिच्याच घराण्यातल्या नव्या यंत्रावर परकी ठरली. तीच वस्तू थोडी खटपट करून पीसीला लावा, कालपरवा बाजारात आलेला खेळही तिच्यावर चालतो. याचा अर्थ रिमोट म्हातारा झाला नव्हता. त्याला अडवायचं ठरवलं होतं.

दुसरा टोला मायक्रोसॉफ्टला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर एक्सबॉक्सच्या पडद्यावर लोकांना सूचना दिसू लागली, की जोडलेलं उपकरण परवानाधारक कंपनीचं नाही आणि १२ नोव्हेंबरपासून ते चालणार नाही. सुरक्षिततेचं कारण पुढं केलं. लबाडी करून देणारी उपकरणं बाजारात आहेत, हे खरं आहे, त्यांचा बंदोबस्तही व्हावा. पण त्या जाळ्यात स्वस्तातला साधा रिमोट घेणारा गरीब गिऱ्हाईक सापडला. त्यानं लबाडी केली नव्हती. त्यानं फक्त कमी पैसे दिले होते.

आता मूळ गोम. यूएसबीमध्ये एचआयडी नावाची सगळ्यांसाठी एकच अशी व्यवस्था नव्वदच्या दशकापासून आहे. वायर खोचताक्षणी उपकरणानं स्वतःहून सांगायचं, की मी अमुक, माझ्याकडे इतकी बटणं, इतक्या दांड्या. कुठल्याही कंपनीचा माऊस कुठल्याही पीसीला बिनबोभाट चालतो तो याच व्यवस्थेमुळे. गेमपॅडचीही तिच्यात रीतसर सोय आहे. तरी २००५ च्या एक्सबॉक्स ३६० च्या रिमोटनं यूएसबीचं तोंड तेवढं ठेवलं आणि आत स्वतःची खासगी बोली आणली. त्या बोलीसाठी विंडोजमध्ये एक्सइनपुट नावाचा वेगळा रस्ता बांधला. विंडोजही त्यांचंच, त्यामुळे पीसीवरचे बहुतेक खेळ त्याच रस्त्यानं जाऊ लागले. सोनीचा रिमोट एचआयडी बोलतो, पण खेळ त्याचं ऐकायलाच थांबत नाही. दोन मोठ्यांच्या या ओढाताणीत तिसऱ्याच्या घरातलं पोर रिमोट हातात घेऊन बसून राहतं.

युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, हेडफोन अशा वस्तूंना चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीचं केलं. भारतीय मानक ब्युरोनंही यूएसबी-सीचं मानक जाहीर केलेलं आहे. तोंडाचा प्रश्न मिटत आला, बोलीचा तसाच राहिला. कायदा करायचाच असेल तर तो बोलीचा करा. रिमोट कुणाचाही असो, त्यानं खुल्या मानकात बोललंच पाहिजे आणि खेळ बनवणाऱ्यानं ते ऐकलंच पाहिजे.

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. गुगलनं आपली स्टेडिया नावाची गेम सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. तिचे रिमोट लोकांच्या हातात होते, ते वायरीशिवाय दुसऱ्या कशावरच चालत नव्हते. गुगलनं त्याच महिन्यात एक मोफत साधन दिलं, त्यानं रिमोटमधलं ब्लूटूथ खुलं झालं आणि ते रिमोट पीसीवर, फोनवर बिनवायरीचे चालू लागले. सेवा मेली, वस्तू जगली. मनात आणलं की होतं.

चौकोन दाबला की एक, फुली दाबली की दोन

जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या घरात हा प्रकार जवळून पाहिला. अकरावीतला मुलगा, पुण्याच्या दादाचा ड्युअलशॉक ४ आणि मोठ्या बहिणीचा पीसी. वायर लावली, रिमोटवरचा दिवा लागला, विंडोजनं ओळखल्याचा आवाजही केला. गेम सुरू केला तर गेमला रिमोटचा पत्ताच नाही. पोरगा हिरमुसला. म्हणाला, "काका, रिमोटच खराब हाय वाटतंय."

रिमोट खराब नव्हता. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत जॉय.सीपीएल लिहिलं की एक जुनाट खिडकी उघडते. तिच्यात रिमोट तपासता येतो. डावी दांडी हलवली तशी छोटीशी खूण चौकटीत सरकू लागली. चौकोनाचं बटण दाबलं, १ नंबरचा दिवा लागला. फुली दाबली, २ चा. गोल ३, त्रिकोण ४. रिमोट ठणठणीत होता. एक्सबॉक्सच्या रिमोटमध्ये मात्र पहिलं बटण म्हणजे सगळ्यात खालचं, आणि प्लेस्टेशनच्या रिमोटमध्ये तीच खालची जागा आहे दुसऱ्या बटणाची. त्यामुळे एखाद्या जुन्या खेळानं हा रिमोट ओळखला, तरी उडी मारायला दाबावं तर माणूस तलवार चालवतो. नव्या खेळांपैकी कित्येक फक्त एक्सइनपुटलाच विचारतात आणि हा त्या यादीत नसतोच.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर डिसेंबर २०१६ पासून ड्युअलशॉक ४ ओळखतं. त्याच्या सेटिंगमध्ये कंट्रोलर या भागात जाऊन प्लेस्टेशनचा पर्याय चालू करायचा. बाहेरून घेतलेला खेळही स्टीमच्या यादीत जोडता येतो, म्हणजे त्यालाही हीच सोय मिळते. सोलापूरच्या माणसाला हे काम समजावायला जकार्ड पुरे. माग तोच, ताणा तोच, वरची भोकाभोकांच्या कार्डांची माळ बदलली की चादरीवर फुलाऐवजी मोर उतरतो. स्टीम नेमकं हेच करतं. रिमोट तोच राहतो, कुठल्या बटणानं काय उचलायचं ती माळ बदलते. हवी तर आपणही आपल्या बोटांप्रमाणं ती ओवू शकतो.

वायर नको असेल तर शेअर आणि मधलं पीएस बटण एकदम दाबून धरायचं. दिवा भराभर लुकलुकू लागला की पीसीच्या ब्लूटूथच्या यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ दिसतो. जुन्या पीसीत ब्लूटूथ नसतं, तिथं यूएसबीचा छोटा डोंगल लागतो. दादा पुण्याहून आला आणि त्यानं हाच रिमोट परत त्याच्या मशीनवर नेला, तर तो एकदा वायरनं तिथं जोडून घ्यावा लागतो. एवढं माहीत असलं की भावाभावांत भांडण होत नाही.

ही सोय आयती पडलेली नाही. जगभरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी फावल्या वेळात, फुकट, शेकडो रिमोटांच्या बटणांचे नकाशे एकेक करून लिहिले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. एसडीएल नावाच्या खुल्या प्रणालीतली ती यादी आज असंख्य खेळ वापरतात. सोनीनं स्वतः लिनक्ससाठी अधिकृत ड्रायव्हर दिला तो २०२१ साली. जे काम कंपन्यांनी पहिल्या दिवशी करायचं, ते विनामोबदला करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ओढलं. या माणसांचे आपण ऋणी आहोत, आणि हे मोठ्यानं सांगायला हवं.

कीबोर्डवर का भागत नाही?

"कीबोर्ड असताना रिमोटचं काय नडलंय?" हा प्रश्न मला अनेक शहाणीसुरती माणसं विचारतात. नडतं ते असं. कीबोर्डच्या बटणाला दोनच गोष्टी कळतात, दाबलं किंवा सोडलं. म्हणून कीबोर्डवर गाडी एकतर सरळ जाते नाहीतर पुरती वळते. एक्सइनपुटमध्ये रिमोटची दांडी आडव्या आणि उभ्या अशा प्रत्येक अक्षावर उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतचे आकडे सांगते. ट्रिगर शून्यापासून २५५ पर्यंत. थोडं वळायचं, जरा जास्त वळायचं, अलगद ब्रेक दाबायचा, हे सगळं अंगठ्याच्या हलक्या दाबानं कळतं. चालणं आणि धावणं यांतला फरक एकाच दांडीवर सांभाळता येतो.

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनं ‘राजी’ हा खेळ बनवला. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसीवर, प्लेस्टेशनवर, एक्सबॉक्सवर. भारतीय पुराणकथा, राजस्थानी किल्ल्यांचा बाज आणि हातात त्रिशूळ घेतलेली एक मुलगी. भिंतीवरून धावत जाऊन खांबाला गिरकी घ्यायची आणि त्याच दमात वार करायचा, असा तो खेळ. अशा खेळाला अंगठ्याखाली दांडी हवी. पुण्यात बनलेला खेळ सोलापूरच्या पोराला नीट खेळता यावा यासाठी त्याच्याकडचा जुना रिमोट पीसीला लागणं, ही चैन नाही. आपल्या माणसांच्या कामाला दिलेली ती साधी दाद आहे.

वायर विकताना तोंड उघडा

तिसरा टोला आपल्याच बाजारपेठेला. रिमोट पीसीला लागत नाही अशा तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत रिमोटचा दोष क्वचित असतो. दोष असतो वायरीचा. मायक्रो यूएसबीच्या स्वस्त वायरींमध्ये आत चारऐवजी दोनच तारा असतात. त्यांतून वीज जाते, माहिती जात नाही. दिवा लागतो, चार्जिंग होतं, पीसीला मात्र काही कळत नाही. गिऱ्हाईकाला वाटतं रिमोट गेला. तो नवा घेतो, आणि त्याच वायरीला लावतो.

एका दुकानात मी विचारून पाहिलं, तेव्हा काउंटरवरच्या पोरानं खरं ते सांगितलं. "मालक, ही चार्जिंगचीच हाय. डाटा पायजे असंल तर ती दुसरी घ्या, जरा महाग पडंल." हे त्यानं न विचारता सांगायला हवं होतं. वायरीच्या पाकिटावर ‘डेटा’ किंवा ‘फक्त चार्जिंग’ एवढं मराठीत मोठ्या अक्षरात लिहायला किती शाई लागते? ज्याला माहीत नाही त्याला न सांगता विकणं ही फसवणूकच आहे, रक्कम पन्नास रुपयांची असली तरी.

जुन्या बाजारात आणखी एक खड्डा आहे. एक्सबॉक्स ३६० चा बिनवायरीचा रिमोट त्याच्या चार्जिंगच्या वायरीसकट विकला जातो. ती वायर यूएसबीत बसते, म्हणून घेणारा निर्धास्त असतो. पण ती वायर फक्त चार्जिंगची. पीसीवर तो रिमोट चालवायला वेगळा रिसीव्हर लागतो, ब्लूटूथ त्याच्यात नाहीच. त्याच काळातला वायरवाला ३६० चा रिमोट मात्र लावला की चालतो. एक्सबॉक्सच्या रिमोटला ब्लूटूथ आलं २०१६ साली, वन एस बरोबर. जुना घ्यायचा तर हे साल लक्षात ठेवा. लॉजिटेकचा एफ३१० किंवा त्यासारखा पॅड असेल तर मागची छोटी कळ बघा. ती एक्सवर हवी, डीवर राहिली तर नवे खेळ त्याला ओळखत नाहीत. कॉस्मिक बाइट, रेडगिअर, इव्होफॉक्स अशी नावं आपल्या बाजारात परवडणाऱ्या दरात मिळतात. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानं परदेशी महागड्या रिमोटसाठी अडून बसू नये.

टाकू नका, उघडा

रिमोटची दांडी हात न लावता आपोआप एका बाजूला सरकते, खेळातला माणूस स्वतःच चालू लागतो. हा आजार जगभर आहे. त्याचं कारण अगदी साधं. दांडीच्या पोटात दोन पोटेन्शियोमीटर असतात. कार्बनच्या बारीक पट्टीवरून धातूची जीभ फिरते आणि त्यावरून जागा मोजली जाते. हजारो वेळा घासून पट्टी झिजते, तिचा भुगा आतच पडतो, आकडे चुकू लागतात. पूर्व भागात ज्यांच्या घराखाली माग चालतात, तिथं हवेत सुताचा भुरा असतो. तोही फटीतून आत जातो. अशा घरातला रिमोट उघडून पाहिलाय मी. दांडीच्या बुडाशी पांढुरक्या तंतूंचं छोटं वेटोळं बसलं होतं.

आधी पीसीवरच इलाज करा. स्टीममध्ये किंवा खेळाच्या सेटिंगमध्ये ‘डेड झोन’ वाढवा, म्हणजे मधल्या थोड्या हालचालीकडे लक्ष दिलं जात नाही. एक्सइनपुटमध्येही डाव्या दांडीसाठी ७,८४९ इतकी सूट सुचवलेली आहे. त्यानं भागलं नाही तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं सफाई करा. तेही फुकट गेलं तर दांडीचा सगळा सांगाडा बदलता येतो. ड्युअलशॉक ४ मध्ये त्याला चौदा ठिकाणी डाख असतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या आपल्या कुठल्याही चांगल्या कारागिराला हे जमतं. नव्या सांगाड्यात हॉल इफेक्टचा मिळाला तर तोच घाला. त्यात चुंबकानं जागा मोजली जाते, घासायला काही नसतं. हे तंत्र नवंही नाही, सेगानं १९९८ च्या ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये ते वापरलं होतं. इतक्या वर्षांपूर्वी जे करता आलं ते आजच्या महागड्या रिमोटांत का नाही, याचं उत्तर मोठ्या कंपन्यांनी द्यावं. प्लेस्टेशन ५ चा रिमोट भारतात आला तेव्हा त्याची किंमत ५,९९० रुपये होती आणि त्याच्या दांड्याही झिजणाऱ्या पट्टीवरच्याच निघाल्या.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. त्या यादीत गेमच्या साहित्याचंही नाव स्पष्ट लिहा. सुटे भाग विकत मिळाले पाहिजेत आणि उघडायची रीत कंपनीनंच छापून दिली पाहिजे.

पालकांनो, तुमच्याकडेही एक टोला

गेम म्हटलं की पालकांच्या कपाळाला आठी पडते. ती का पडते ते मला समजतं. रमी आणि पैज लावायच्या अॅपांनी कित्येक घरं धुतली. पण सरसकट सगळ्याला एकाच मापानं मोजू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कायद्याला जो फरक कळला तो घरातही कळू द्या. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स पदकांचा खेळ होता आणि भारताचे खेळाडू तिथं उतरले होते.

मूल मोबाइल घेऊन आतल्या खोलीत अंथरुणात शिरतं, तेव्हा ते काय खेळतंय, कुणाशी बोलतंय, तुम्हाला कळत नाही. पीसी सोप्यात असतो. पडदा मोठा असतो. रिमोट हातात घेऊन ते तुमच्यासमोर पाठ ताठ ठेवून बसतं. विंडोजला एक्सइनपुटचे चार रिमोट एकाच वेळी जोडता येतात. सुपरटक्सकार्ट नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खुला खेळ फुकट मिळतो, जुन्या पीसीवर चालतो आणि एकाच पडद्यावर अनेकांना खेळवतो. बहीण, भाऊ, शेजारचा पोरगा, सगळे एका खोलीत. जमलं तर तुम्हीही एक रिमोट घ्या. मूल हरलं तर कसं वागतं आणि जिंकलं तर कसं, हे त्या वेळात जेवढं दिसतं तेवढं प्रगतिपुस्तकात कधी दिसत नाही. वेळेची मर्यादा घाला, ती तुमची जबाबदारीच आहे. पण दार लावून बसणाऱ्या खेळापेक्षा दिवाणखान्यातला खेळ चांगला, एवढं मान्य करा.

आणखी एक. ज्या पोरानं जॉय.सीपीएल उघडून बटणांचे नंबर पाहिले, दोन तारांची वायर आणि चार तारांची वायर यांतला फरक ओळखला, ड्रायव्हर म्हणजे काय हे खेळाच्या ओढीनं शोधलं, त्यानं संगणकशास्त्राचा पहिला खरा धडा कुणी न शिकवता घेतला. त्याला ओरडू नका. पुढं काय वाचू, असं तो विचारेल, तेव्हा त्याला वाचायला द्या.

कॉलेजांनो, हे काम तुमचं आहे

शेवटचा टोला आपल्या वालचंद, ऑर्किड आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांना, आणि तो आपुलकीचा आहे. रिमोट हे खेळणं आहे असं तुमच्यातला कुणी मानत असेल तर अमेरिकी नौदलाकडे पाहा. मार्च २०१८ मध्ये दाखल झालेल्या यूएसएस कोलोरॅडो या पाणबुडीत पेरिस्कोपचा कॅमेरा फिरवायला एक्सबॉक्सचा रिमोट बसवला. आधीची खास बनवलेली दांडी सुमारे ३८,००० डॉलरची होती, हा रिमोट तीस डॉलरच्या आसपासचा. तरुण खलाशांना तो शिकवावा लागला नाही, हा आणखी एक फायदा. आपल्याकडे अनेक वर्षं बालेवाडीत रोबोकॉनची राष्ट्रीय स्पर्धा भरायची, तिथं प्लेस्टेशनच्या रिमोटवर यंत्रमानव धावताना महाराष्ट्रातल्या पोरांनी पाहिले आहेत, चालवले आहेत.

आता याच हातांनी आणखी एक काम करावं. मायक्रोसॉफ्टनं २०१८ साली अपंग खेळाडूंसाठी अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्याच्या पाठीला साडेतीन मिलिमीटरच्या १९ खाचा आहेत. पायानं दाबायचं, हनुवटीनं ढकलायचं, कोपरानं दाबायचं, असं कुठलंही बटण त्यात खोचता येतं, आणि तो पीसीवरही चालतो. या कामाबद्दल त्या कंपनीला मनापासून दाद. पण १०० डॉलरच्या घरातली ती वस्तू आपल्याकडे किती घरांत जाईल? एटीमेगा ३२यू४ चिपचा छोटा बोर्ड पीसीला स्वतःची ओळख गेमपॅड म्हणून करून देऊ शकतो. त्याला मोठी, भक्कम बटणं जोडायची. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमेल असं हे काम आहे. एका हातानं काम करणारी, बोटं न उघडणारी मुलं आपल्या शहरातही आहेत. दरवर्षी तेच ते ट्रॅफिक सिग्नलचे प्रोजेक्ट बांधून कपाटात ठेवण्यापेक्षा त्यांच्यातल्या एकाच्या हाताचं माप घेऊन एक रिमोट बनवा. त्याला पीसीवर भावाशी शर्यत लावता येऊ दे. तुमच्या पदवीचं सार्थक तिथं होईल.

सगळ्यांसाठी सांगणं एकच. पुढच्या वेळी रिमोट घ्यायला नवी पेठेत गेलात, की पाकीट हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा माझ्या पीसीवर चालेल का, आणि चालत असेल तर इथंच लावून दाखवा. सोबतची वायर डेटाची आहे का? दांडी बिघडली तर सुटा भाग मिळेल का? तिन्हींची सरळ उत्तरं देईल त्याच्याकडून घ्या. जो टाळाटाळ करेल, तो दुकानदार असो की जगातली सगळ्यात मोठी कंपनी, त्याच्यासाठी पाकीट उघडू नका. गिऱ्हाईकानं पैसे आखडते घेतले की मोठमोठ्यांना खुलं मानक आठवतं.